डायलिसिसचा चौथा तास: अस्वस्थ पाय, रात्रीचा रक्तदाब आणि हृदयाची जोखीम

पार्श्वभूमी

या प्रकरणातील रुग्ण ५७ वर्षांच्या बाई आहेत. ओळख पटू नये म्हणून वैयक्तिक तपशील बदलले आहेत, पण घटनांचा वैद्यकीय क्रम जसा घडला तसाच ठेवला आहे. त्यांना १९ वर्षांपासून मधुमेह होता, त्यामागोमाग उच्च रक्तदाब आला आणि मूत्रपिंडे निकामी झाल्यामुळे सव्वादोन वर्षांपासून त्या आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चार तास, हिमोडायलिसिस घेत होत्या. डाव्या हातातील फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुयांसाठी शस्त्रक्रियेने जोडून तयार केलेली रक्तवाहिनी, उत्तम चालत होता. लघवी जवळजवळ थांबलेली होती. दिवसा त्या हिशेबनिसाची नोकरी करीत असल्यामुळे त्यांनी स्वतःहून संध्याकाळची पाच ते नऊ ही वेळ मागून घेतली होती, आणि ती वेळ या प्रकरणात पुढे महत्त्वाची ठरली.

औषधांची यादी लांब होती. रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, कार्व्हेडिलॉल आणि नुकतेच वाढवलेले क्लोनिडिन, अशी चार औषधे चालू होती. अंगाला सुटणाऱ्या खाजेसाठी रात्री हायड्रॉक्सिझिन, डायलिसिसच्या वेळी होणाऱ्या मळमळीसाठी मेटोक्लोप्रमाइड आणि पायांतील मुंग्यांसाठी रात्री २५ मिलिग्रॅम अ‍ॅमिट्रिप्टिलिन दिले जात होते. ही शेवटची तीन औषधे तीन वेगवेगळ्या डॉक्टरांनी, वेगवेगळ्या वेळी, आपापल्या परीने योग्य कारणासाठी लिहिली होती. त्यातले एक आमच्याच विभागाने लिहिले होते.

अडचण कशी समोर आली

त्यांच्या फाइलवर आमच्याकडून एक शेरा पडला होता: ‘वेळेआधी डायलिसिस सोडतात, सूचना पाळत नाहीत.’ गेले सहा महिने त्या बहुतेक वेळा चार तास पूर्ण करीत नव्हत्या. साधारण तीन तास वीस मिनिटांनी त्या मशीन बंद करायला सांगत. एका वेळेची चाळीस मिनिटे किरकोळ वाटतात, पण महिन्याच्या तेरा डायलिसिसांची बेरीज केली की आठ तास चाळीस मिनिटे होतात. म्हणजे दर महिन्याला दोन पूर्ण डायलिसिस बुडत होते.

त्याचे परिणाम कागदावर स्पष्ट दिसत होते. दोन डायलिसिसांच्या मध्ये वजन ३ ते ३.२ किलोने वाढे आणि डायलिसिस संपल्यावरही त्या ठरवलेल्या ६१ किलो कोरड्या वजनापेक्षा, म्हणजे जादा पाणी निघून गेल्यावर असायला हव्या त्या वजनापेक्षा, किलोभराने जास्तच असत. डायलिसिसआधीचा रक्तदाब १६८/८८ च्या आसपास होता. इकोमध्ये डाव्या जवनिकेची, म्हणजे हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याची, भिंत १४ मिलिमीटर जाड आढळली, आकुंचनक्षमता मात्र ५५ टक्के, म्हणजे ठीक होती. या सगळ्यावर आमचे उत्तर एकच होते: रक्तदाबाचे आणखी एक औषध आणि पाणी कमी पिण्याबद्दल आणखी एक समज.

त्याच काळात परिचारिकांनी एक सोय म्हणून वेगळी पद्धत धरली होती. बाई लवकर उठणार हे माहीत असल्याने त्या सगळे पाणी तीन तास वीस मिनिटांत काढण्याच्या हिशेबाने मशीन लावत. हेतू चांगला होता, पण ३.२ लिटर पाणी इतक्या वेळात काढायचे तर वेग किलोमागे ताशी १५ मिलिलिटरच्या वर जातो, आणि १३ च्या वरचा वेग हृदयाला जाचक ठरतो हे डायलिसिसमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. शेवटच्या अर्ध्या तासात रक्तदाब घसरे, मळमळ सुटे, पोटऱ्यांत गोळे येत, पाणी काढणे थांबवावे लागे आणि शिल्लक राहायचे ते राहूनच जाई. मळमळीसाठी मेटोक्लोप्रमाइडचे इंजेक्शन दिले जाई. हे औषध आगीत तेल ओतत होते, हे तेव्हा आमच्यापैकी कुणाच्याही ध्यानात आले नाही.

प्रकरणाला कलाटणी मिळाली ती एका परिचारिकेच्या नजरेमुळे. त्या संध्याकाळी बाईंच्या अंगावरचे पांघरूण सरळ करताना तिला दिसले की दोन्ही पायमोजे टाचेपाशी झिजून विरविरीत झाले आहेत. पायमोजे नवे होते. बाई दोन्ही टाचा गादीवर सतत घासत होत्या, एक पाय दुसऱ्या पायावर चढवत होत्या, बोटे ताणत आणि सैल सोडत होत्या. परिचारिकेने विचारले, “ताई, पाय दुखतायत का?” त्यावर मिळालेले उत्तर मी टिपणात जसेच्या तसे उतरवून घेतले आहे: “दुखत नाहीत हो सिस्टर. आतून काहीतरी सळसळतं, हाडाच्या आत. उठून चार पावलं चालले की थांबतं. पण इथे सुया लावल्यावर उठू कशी? म्हणून तर म्हणते, सोडा मला.”

ज्या एका गोष्टीने त्यांना आराम पडला असता, म्हणजे उठून चालणे, तीच गोष्ट डायलिसिसच्या चार तासांत अशक्य होती. आणि हे त्यांनी सहा महिन्यांत आम्हाला सांगितले नव्हते, कारण आम्ही विचारलेच नव्हते.

निदानापर्यंतची वाट

रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम, म्हणजे अस्वस्थ पायांचा विकार, ओळखायला रक्ताची चाचणी लागत नाही. निदान प्रश्नांवर होते: पाय हलवण्याची अनावर इच्छा होते का, ती स्वस्थ बसल्यावर किंवा पडल्यावर वाढते का, हालचाल केल्यावर निदान तेवढ्यापुरती कमी होते का, संध्याकाळी आणि रात्री जास्त जाणवते का, आणि दुसऱ्या एखाद्या कारणाने याचा पूर्ण उलगडा होतो का. स्वीडनच्या कार्ल-अ‍ॅक्सेल एकबोम यांनी १९४५ मध्ये या विकाराचे सविस्तर वर्णन केले. सर्वसाधारण लोकांपेक्षा डायलिसिसवरील रुग्णांत तो कितीतरी अधिक आढळतो, तरीही डायलिसिस विभागात तो वारंवार नजरेतून निसटतो. कारण या रुग्णांच्या पायांना तक्रारीसाठी इतर निमित्तेही भरपूर असतात.

पाचवा प्रश्न या बाईंच्या बाबतीत सर्वांत अवघड होता. मधुमेहाने मज्जातंतूंना झालेली इजा त्यांच्यात होतीच. तळव्यांची संवेदना कमी झालेली होती. पण मज्जातंतूंच्या मुंग्या आणि जळजळ दिवसरात्र असते आणि चालल्याने फारशी शमत नाही. गोळा येतो तेव्हा स्नायू दगडासारखा घट्ट लागतो आणि वेदना होते. पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या असतील तर चालल्याने त्रास वाढतो, कमी होत नाही. बाईंचे वर्णन या तिन्हींपासून वेगळे होते. त्यांना दोन आजार एकत्र होते आणि पहिल्याच्या नावाखाली दुसरा झाकला गेला होता. तीव्रतेच्या ४० गुणांच्या प्रश्नावलीत त्यांचे २७ गुण आले, म्हणजे त्रास तीव्र गटातला होता.

पतीला वेगळे बसवून विचारल्यावर दुसरी बाजू कळली. झोप लागल्यावरही बाईंचे पाय ठरावीक अंतराने झटका बसल्यासारखे उडत. पायाचा अंगठा वर उचलला जाई, घोटा वाकला जाई, कधी गुडघाही. त्यांनी एकदा घड्याळ लावून पाहिले होते: दर वीस-पंचवीस सेकंदांनी एक झटका. झोपेतील या नियतकालिक हालचाली अस्वस्थ पायांच्या बहुतेक रुग्णांत असतात, पण रुग्णाला स्वतःला त्यांचा पत्ता नसतो. शेजारी झोपणाऱ्याला विचारल्याशिवाय त्या सापडत नाहीत. शिवाय बाई घोरत असत आणि मधेच श्वास अडकल्यासारखा आवाज येई, असेही पतींनी सांगितले.

त्यानंतर तीन तपासण्या केल्या. रात्रभराच्या स्लीप स्टडीमध्ये एकूण झोप जेमतेम चार तास दहा मिनिटे भरली. पायांच्या नियतकालिक हालचाली तासाला ६२ होत्या; प्रौढांमध्ये १५ पर्यंत त्या सर्वसाधारण मानतात. त्यांपैकी तासाला २१ हालचालींबरोबर मेंदू क्षणभर जागा होत होता. श्वास थांबण्याच्या किंवा मंदावण्याच्या घटना तासाला १८ होत्या, म्हणजे मध्यम स्वरूपाचा स्लीप अ‍ॅप्निया होता. श्वास परत सुरू होताना पाय उडतात त्या हालचाली वेगळ्या काढूनच ६२ हा आकडा आला होता.

दुसरी तपासणी दोन डायलिसिसांमधल्या ४४ तासांच्या रक्तदाबाची. पट्टा अर्थातच फिस्टुला नसलेल्या उजव्या हाताला बांधला. जागेपणी सरासरी १४८/८० आणि झोपेत १५६/८२ निघाली. निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेत १० ते २० टक्क्यांनी उतरतो. बाईंचा उतरत तर नव्हताच, उलट चढत होता. दिवसा मोजलेल्या आकड्यांवर आम्ही सहा महिने औषधे वाढवत होतो आणि खरी चढाई रात्री होत होती.

तिसरी तपासणी लोहाची. हिमोग्लोबिन ९.२, फेरिटिन (शरीरातील लोहाच्या साठ्याचा निर्देशक) १६४ आणि ट्रान्सफेरिन संपृक्तता (रक्तात लोह वाहणारे प्रथिन लोहाने किती भरले आहे ते) १६ टक्के. निरोगी माणसाच्या अहवालात १६४ फेरिटिन पाहून कुणी लोहाच्या कमतरतेचा विचार करणार नाही. पण डायलिसिसवर शरीरात सौम्य दाह सतत चालू असतो आणि त्याने फेरिटिन फुगते. सोबत संपृक्तताही वाचली नाही तर फसगत होते.

पायांचा हृदयाशी संबंध

झोपेत पाय उडतो तेव्हा नुसता पाय उडत नाही. झटक्याच्या आसपास हृदयाचे ठोके वाढतात आणि लगेच रक्तदाब उसळतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा एका हालचालीबरोबर वरचा रक्तदाब सरासरी २२ आणि खालचा ११ अंकांनी चढल्याचे मोजले गेले. ते रुग्ण मूत्रपिंडविकाराचे नव्हते. तासाला ६२ हालचाली, चार तास झोप, असा हिशेब केला तर या बाईंच्या सिम्पथेटिक (ठोके आणि रक्तदाब वाढवणाऱ्या) मज्जासंस्थेला एका रात्रीत अडीचशेच्या घरात धक्के बसत होते, आणि तेही आधीच जाड झालेल्या हृदयाच्या भिंतीवर, ताठर रक्तवाहिन्यांवर आणि किलोभर जादा पाण्यावर.

डायलिसिसवरील रुग्णांत अस्वस्थ पाय आणि झोपेतील हालचाली यांचा मृत्यूच्या व हृदयविकाराच्या वाढीव प्रमाणाशी संबंध असल्याचे अभ्यास आहेत. १९९६ च्या एका अमेरिकी अभ्यासात अस्वस्थ पायांच्या रुग्णांत डायलिसिस वेळेआधी सोडण्याचे प्रमाण आणि मृत्युदर, दोन्ही जास्त आढळले. त्यातली पहिली गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. हृदयाकडे जाणारा रस्ता केवळ रात्रीच्या उसळ्यांमधून जात नाही. तो बुडालेल्या चौथ्या तासातून, अंगात राहिलेल्या पाण्यातून, घाईने काढलेल्या पाण्यातूनही जातो, आणि हा दुसरा रस्ता आपल्या हातात आहे.

दुसरीकडे, हालचालींची संख्या औषधाने कमी केली म्हणून हृदयविकाराचे झटके किंवा मृत्यू कमी होतात, असे सिद्ध करणारी चाचणी झालेली नाही. संबंध आहे, पण उपचाराने जोखीम घटते याचा पुरावा नाही. म्हणून आम्ही सुरुवातीलाच ठरवले की औषध द्यायचे ते पायांच्या त्रासासाठी आणि झोपेसाठी. हृदयासाठी जे सिद्ध आहे, म्हणजे पाणी, डायलिसिसचा वेळ, रक्तदाब, त्यावर वेगळे काम करायचे. ६२ हा आकडा आमचे लक्ष्य असणार नाही.

समोर असलेले पर्याय

सर्वांत जलद गुण देणारा पर्याय प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोल यांसारख्या, डोपामिन या मेंदूतील रसायनासारखे काम करणाऱ्या औषधांचा होता. बाईंना त्याची मागणीही होती, कारण ओळखीतल्या कुणाला त्याने दोन दिवसांत आराम पडला होता. पण महिने-वर्षे घेतल्यावर याच औषधांमुळे विकार उलटतो: त्रास दुपारीच सुरू होतो, हातांतही पसरतो, आणि मात्रा वाढवली की आणखी बिघडतो. प्रामिपेक्सोल तर मूत्रपिंडांवाटेच बाहेर पडते. २०२५ च्या अमेरिकी निद्रावैद्यक अकादमीच्या मार्गदर्शक सूचनांनी ही औषधे नेहमीच्या वापरातून मागे घेतली असून, मूत्रपिंडे निकामी झालेल्यांसाठी गॅबापेंटिन, तसेच फेरिटिन २०० च्या खाली आणि संपृक्तता २० टक्क्यांच्या खाली असल्यास शिरेतून आयर्न सुक्रोज हे लोह सुचवले आहे. बाईंचे दोन्ही आकडे त्या चौकटीत बसत होते.

क्लोनाझेपामचा विचार आम्ही फार वेळ केला नाही. स्लीप अ‍ॅप्निया असताना झोपेचे औषध वाढवणे आम्हाला पटले नाही. सीपॅप यंत्र (झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारे) ताबडतोब सुरू करावे की नाही, यावर मात्र आमच्यात मतभेद होते. आडवे झाल्यावर पायांतले जादा पाणी मानेकडे सरकते आणि श्वासमार्ग अरुंद करते, हे डायलिसिसच्या रुग्णांत विशेष लागू पडते. आधी पाणी उतरवावे आणि मग आठ आठवड्यांनी पुन्हा मोजावे, असे माझे मत होते. झोपतज्ज्ञ सहकाऱ्याचे म्हणणे होते की रात्रीचा रक्तदाब चढत असताना आठ आठवडे वाट पाहण्यातही जोखीम आहे. बाईंनी यंत्राला नकार दिल्यामुळे माझा मार्ग स्वीकारला गेला. पण रुग्णाच्या नकाराने आमचा वाद मिटला, पुराव्याने नव्हे, हे इथे नोंदवायला हवे.

सर्वांत स्वस्त पर्याय नवे काही देण्याचा नव्हता, जुने काढण्याचा होता. मेटोक्लोप्रमाइड मेंदूतील डोपामिन अडवते, हायड्रॉक्सिझिनसारखी गुंगी आणणारी अ‍ॅलर्जीविरोधी औषधे अस्वस्थ पाय वाढवतात, आणि अ‍ॅमिट्रिप्टिलिनसारखी नैराश्यविरोधी औषधेही तेच करतात. तिन्ही औषधे एकाच यादीत होती, आणि तिन्ही संध्याकाळी किंवा रात्री शरीरात जात होती.

प्रत्यक्षात काय केले

पहिल्या आठवड्यात फाइलवरचा शेरा खोडला आणि त्याखाली खरे कारण लिहिले. परिचारिकांना सांगितले की बाई लवकर उठणार हे धरून मशीन लावायचे नाही. चार तासांच्या हिशेबानेच लावायचे. मेटोक्लोप्रमाइड बंद केले. मळमळीला पर्याय म्हणून डोम्पेरिडोनचा विचार झाला, कारण ते मेंदूत फारसे शिरत नाही. पण जाड हृदय आणि डायलिसिसमधले पोटॅशियमचे चढउतार पाहता हृदयाच्या लयीला धोका नको म्हणून ते टाळले. पाणी काढण्याचा वेग उतरल्यावर मळमळ बहुतेक वेळा आलीच नाही. म्हणजे मळमळ पोटाची नव्हती, रक्तदाब घसरण्याची होती.

अ‍ॅमिट्रिप्टिलिन आधी १० मिलिग्रॅमवर आणून नंतर बंद केले, हायड्रॉक्सिझिन थेट थांबवले. त्यांच्या जागी एकच औषध सुरू झाले: गॅबापेंटिन १०० मिलिग्रॅम, फक्त डायलिसिसच्या दिवशी, डायलिसिस संपल्यावर. अस्वस्थ पाय, मधुमेही मज्जातंतूंची जळजळ आणि मूत्रपिंडविकारातील खाज, या तिन्हींवर त्याचा उपयोग होतो. इथे दोन औषधे काढून एक देता आले, हे मला या प्रकरणातले सर्वांत समाधानकारक पाऊल वाटते.

जंतुसंसर्ग नसल्याची खात्री करून आयर्न सुक्रोज १०० मिलिग्रॅम, दर डायलिसिसला एक याप्रमाणे दहा वेळा दिले. डायलिसिस द्रावणाचे तापमान ३७ वरून ३६ अंशांवर आणले; त्याने रक्तदाब घसरण्याचे प्रमाण कमी होते आणि काहींच्या पायांनाही आराम पडतो. खाटेच्या पायथ्याशी पायडल बसवून पहिल्या दोन तासांत अर्धा तास सायकल चालवायला दिली. त्यांना ती इतकी मानवली की पुढे त्या चौथ्या तासासाठीही ती मागू लागल्या, पण त्या वेळेला रक्तदाब घसरण्याची भीती असते म्हणून तेव्हा नुसते पायांना मालिश ठरले.

वेळ बदलणे सर्वांत कठीण गेले. हा विकार घड्याळाबरोबर चालतो. संध्याकाळी पाच ते नऊ म्हणजे त्याचा चढता काळ, आणि त्याच काळात आम्ही बाईंना खाटेला जखडून ठेवत होतो. सकाळची जागा मिळायला पाच आठवडे लागले आणि त्यांना नोकरीच्या वेळा बदलून घ्याव्या लागल्या.

मध्येच घडलेली चूक

तिसऱ्या आठवड्यात पतींचा फोन आला: पाय आता दिवसासुद्धा उडतात, बाई बोलता बोलता पेंगतात, आदल्या रात्री न्हाणीघरात तोल जाऊन पडता पडता वाचल्या. फोन घेणाऱ्या कनिष्ठ डॉक्टरांनी टिपणात लिहिले: ‘अस्वस्थ पाय वाढले, गॅबापेंटिन २०० करावे का?’

दुसऱ्या दिवशी बाई आल्या तेव्हा पायच नव्हे, हात आणि खांदेही अचानक उसळत होते. हातातला पेला हिसका बसून सांडला. अस्वस्थ पायांत जागेपणीची हालचाल रुग्ण स्वतः करतो, आराम मिळवण्यासाठी. हे झटके आपोआप येत होते आणि सोबत गुंगी होती. औषधांची पिशवी उघडल्यावर उलगडा झाला. मधुमेहाच्या नियमित तपासणीसाठी त्या दुसरीकडे गेल्या होत्या. तिथे पायांची जळजळ ऐकून गॅबापेंटिन ३०० मिलिग्रॅम रोज रात्री असे लिहून दिले गेले होते. मूत्रपिंडे चांगली असतील तर ही मात्रा साधी आहे. तेव्हा रक्तातले निम्मे औषध पाच ते सात तासांत निघून जाते. मूत्रपिंडे काम करीत नसतील तर डायलिसिस नसलेल्या काळात त्यालाच सुमारे १३२ तास लागतात, म्हणजे पाच दिवसांहून जास्त. प्रत्येक रात्रीची गोळी आदल्या रात्रीच्या गोळीवर साचत गेली होती.

गॅबापेंटिन थांबवले, दोन पूर्ण डायलिसिस दिले आणि चौथ्या दिवशी बाई पूर्ण शुद्धीवर होत्या. आठवड्याभराने ते पुन्हा १०० मिलिग्रॅमवर, डायलिसिसनंतर, आमच्याच परिचारिकेच्या हातून द्यायचे ठरले. घरी गोळ्या द्यायच्याच नाहीत, म्हणजे दुहेरी मात्रेचा प्रश्न उरत नाही. हे पहिल्या दिवशीच सुचायला हवे होते. दोष दुसऱ्या दवाखान्याचा म्हणून हात झटकता येणार नाहीत: बाईंजवळ ‘हे औषध फक्त डायलिसिसनंतर’ असे लिहिलेला एकही कागद आम्ही दिलेला नव्हता.

परिणाम

दहाव्या आठवड्यात तीव्रतेचे गुण २७ वरून १२ वर आले. त्रास गेला नाही; आठवड्यातल्या दोन-तीन रात्री अजून उठावे लागते. फेरिटिन ४१२ आणि संपृक्तता २९ टक्के झाली. सकाळची वेळ मिळाल्यापासूनच्या ३० डायलिसिसांपैकी २८ पूर्ण चार तासांचे झाले, आणि उरलेल्या दोन वेळांचे कारण पायांचे नव्हते. कोरडे वजन हळूहळू ५९.४ किलोपर्यंत उतरवता आले. क्लोनिडिन, जे एकदम थांबवले तर रक्तदाब उलटून चढतो, ते तीन आठवड्यांत पायरीपायरीने बंद केले.

४४ तासांची रक्तदाब तपासणी पुन्हा केली तेव्हा जागेपणी १३८/७६ आणि झोपेत १३४/७२ आले. रात्रीची चढण थांबली, पण १० टक्क्यांची उतरण अजून नाही. दुसऱ्या स्लीप स्टडीत श्वासाच्या घटना १८ वरून ११ वर आल्या, आणि पायांच्या हालचाली ६२ वरून ३८ वर. या ३८ वर औषध वाढवायचे का, यावर बैठकीत चर्चा झाली. बाई सकाळी ताज्यातवान्या उठत होत्या, दिवसा पेंगत नव्हत्या. गॅबापेंटिन वाढवण्याची किंमत आम्ही पाहिलेली होती, फायदा सिद्ध नव्हता. मात्रा वाढवली नाही.

नऊ महिन्यांनी इकोत भिंतीची जाडी १३ मिलिमीटर आली. एका मिलिमीटरचा फरक मोजणाऱ्याच्या हातावरही अवलंबून असतो, त्यामुळे हृदय सुधारले असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

आज वेगळे काय केले असते

डायलिसिस सुरू झाल्यानंतरच्या पहिल्याच महिन्यात एक प्रश्न विचारला असता: संध्याकाळी स्वस्थ बसल्यावर किंवा रात्री पडल्यावर पायांत नकोशी अस्वस्थता येते का, आणि चालल्यावर ती जाते का? तो अर्ध्या मिनिटाचा प्रश्न आहे. आम्ही विचारायला उशीर केला तो सहा महिन्यांनी, आणि त्या सहा महिन्यांत बारा-तेरा डायलिसिसांएवढा वेळ वाया गेला.

वेळेआधी सोडलेल्या प्रत्येक डायलिसिसची नोंद आम्ही मिनिटांत करीत होतो. कारण लिहायला रकानाच नव्हता. आता तो आहे. ‘सूचना पाळत नाहीत’ हे वाक्य लिहिल्यावर पुढचा प्रश्न विचारण्याची गरज संपते, हा त्या वाक्याचा खरा तोटा आहे. बाई सूचना पाळू शकत नव्हत्या, आणि त्या मागे काय आहे ते पायमोज्यांवर सहा महिने लिहिलेले होते.

रक्तदाबाचे तिसरे औषध लिहितानाच ४४ तासांची तपासणी मागवायला हवी होती. चौथ्यापर्यंत थांबणे चुकीचे होते. औषधांची यादी तीन महिन्यांतून एकदा वरपासून खालपर्यंत एकाच माणसाने वाचावी, हेही आता ठरले आहे. मेटोक्लोप्रमाइड, हायड्रॉक्सिझिन आणि अ‍ॅमिट्रिप्टिलिन एकेकटे पाहिले तर कुणाच्याच डोळ्यांत भरत नाहीत.

सीपॅपबाबत माझे मत मात्र अजून डळमळीत आहे. या वेळी पाणी उतरल्यावर आकडा खाली आला. तो आला नसता तर आठ आठवडे रात्रीचा चढता रक्तदाब आम्ही तसाच सोडला असता. पुढच्या रुग्णात, मध्यम अ‍ॅप्निया आणि चढता रात्रीचा रक्तदाब एकत्र असतील, तर पाणी उतरवणे आणि सीपॅप, दोन्ही एकाच वेळी सुरू करण्याचा मी आग्रह धरेन.

त्यानंतर

अकराव्या महिन्यात बाईंनी मशीनला जोडून घेताना परिचारिकेला सांगितले, “सिस्टर, पुन्हा थोडं सळसळायला लागलंय, दोन दिवस झाले.” मासिक रक्ततपासणीला अजून आठवडा होता. त्याच दिवशी नमुना घेतला. संपृक्तता १८ टक्क्यांवर उतरली होती. लोहाचा दुसरा क्रम त्या आठवड्यातच सुरू झाला. प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीसाठी त्यांच्या हृदयाच्या तपासण्या चालू आहेत; प्रत्यारोपणानंतर अनेकांचे पाय शांत होतात, हे त्यांना सांगितले आहे.